लाह्यांचं छत

न्यू जर्सीत नाहीतर टोरांटोच्या एखाद्या उपनगरात मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांना पहिल्या काही रात्री झोप लागत नाही. शरीराला अजून इथलीच वेळ असते. उताणं पडून छताकडे बघता बघता त्यांना प्रश्न पडतो, या लोकांनी वर साबुदाणा का चिकटवलाय? छत पांढरंच असतं, पण गुळगुळीत नसतं. ज्वारीच्या लाह्या चुन्यात घोळून वर फेकाव्यात आणि त्या तिथेच चिकटून राहाव्यात, तसं ते दिसतं. अमेरिकेतही त्याला पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात, म्हणजे नावात लाह्याच आहेत. ब्रिटनमध्ये असाच खडबडीत, नक्षीदार लेप ‘आर्टेक्स’ या ब्रँडच्या नावाने ओळखला जातो.

हे छत आलं सोयीपोटी. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर अमेरिकेत घरांची मागणी एकदम वाढली. लाकडी सांगाडा उभा करायचा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड ठोकायचे, अशी तिथली रीत. दोन बोर्डांमधला सांधा लांबीने भरायचा, वाळला की घासायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा घासायचा. हे कसबाचं काम. भिंतीवर ते जमतं, छतावर मान मोडते. खिडकीतून तिरपा उजेड आला की सांध्यातली प्रत्येक चूक वर उमटून दिसते. त्यापेक्षा जिप्सम किंवा चुनखडीची पूड, चिकटवणारा पदार्थ आणि भरड कण एकत्र कालवून पंपाने फवारले, की सगळे दोष झाकले जात. खोलीत आवाजही थोडा कमी घुमे. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत लक्षावधी घरांत ही छतं झाली.

मिश्रण ओलं असताना गळून पडू नये, वाळल्यावर तडकू नये, आगीला दाद देऊ नये, म्हणून अनेक उत्पादकांनी त्यात एक तंतुमय खनिज मिसळलं. ते म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. या छतांमध्ये त्याचं प्रमाण साधारणपणे एक ते दहा टक्के असे.

आज त्या घरांत राहायला आलेल्या तरुण जोडप्यांना हे छत नको असतं. ते जुनाट दिसतं, त्यात जळमटं अडकतात, छप्पर गळलं की पिवळा डाग पडतो. म्हणून घराची किल्ली हातात आल्यावरच्या पहिल्या शनिवारी शिडी लावली जाते, रुंद पात्याची पट्टी घेतली जाते आणि खरवडायला सुरुवात होते. ते निघतंही चटकन. रंग न लावलेलं लाह्यांचं छत नुसत्या पट्टीच्या धक्क्याने भुरभुर गळतं, आणि सगळा धोका त्या भुरभुरण्यात आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसची तीन रूपं उद्योगात जास्त वापरली गेली. पांढरा क्रिसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळा क्रोसिडोलाइट. छतांत सापडतो तो बहुतेक वेळा क्रिसोटाइल. हा दगड लांबीच्या दिशेने चिरत जातो. एका तंतूचे दोन, दोनाचे चार, असं करत तो इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही आणि हवेत तरंगत राहतो. बंद खोलीत असे तंतू खाली बसायला तासन्‌तास लागतात, कधी दिवसही जातो. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही, सगळे बाहेरही टाकू शकत नाही. त्यातून फुप्फुसं राठ करणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे रोग होतात. तंतू आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. धूळ उडाली त्या संध्याकाळी फक्त घसा खवखवतो, म्हणून माणसाला वाटतं की काहीच झालं नाही.

हे ज्ञान नवं नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत काढणारी नेली केर्शॉ १९२४ मध्ये तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणारे डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या मृत्यूचं कारण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. न्यूयॉर्कच्या डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये उष्णतारोधक लेप देणाऱ्या कामगारांमधलं कर्करोगाचं प्रमाण दाखवून दिलं. मला या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो तो लंडनमधला १९६५ चा अभ्यास. मुरियल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास शोधला, तेव्हा त्यात कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेली माणसंही निघाली. त्यांतल्या काही कामगारांच्या बायका होत्या. त्यांनी नवऱ्याचे कामाचे कपडे झटकले आणि धुतले होते. छत खरवडून त्याच कपड्यांत मुलाला कडेवर घेणाऱ्या बापाने हा अभ्यास आधी ऐकायला हवा.

कायदा आला, पण तुकड्यातुकड्यांनी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७३ मध्ये आगरोधक आणि उष्णतारोधक म्हणून फवारायच्या लेपांत अ‍ॅस्बेस्टॉसला बंदी केली. शोभेसाठी फवारायच्या लेपांपर्यंत ती बंदी पोहोचायला १९७८ उजाडलं. गोदामांत पडलेला माल त्यानंतरही वापरला गेला, म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या घरांकडे संशयानेच बघतात. त्याच संस्थेने १९८९ मध्ये जवळजवळ सरसकट बंदी घातली, ती १९९१ मध्ये न्यायालयात बरीचशी उडाली, आणि क्रिसोटाइलवरची बंदी २०२४ मध्ये आली. ब्रिटनने क्रिसोटाइल १९९९ मध्ये थांबवला, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, कॅनडाने २०१८ मध्ये. क्वेबेकमध्ये तर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ नावाचं गावच होतं. तिथली खाण बंद पडली आणि गावकऱ्यांनी २०२० मध्ये मतदान करून गावाचं नाव व्हाल-दे-सूर्स केलं.

तेव्हा पहिलं काम शिडी आणण्याचं नाही. घर कोणत्या वर्षी बांधलं हे कागदपत्रांत पाहायचं, आणि वर्ष संशयाचं निघालं की नमुना तपासायला द्यायचा. छताकडे नुसतं बघून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे तीस वर्षं काम केलेल्या रंगाऱ्यालाही सांगता येत नाही. नमुना शक्यतो प्रशिक्षित निरीक्षकाने घ्यावा. घरमालकाने स्वतः घ्यायचा झाला, तर घरातली हवा फिरवणारं यंत्र बंद करायचं, खाली प्लास्टिक पसरायचं, तोंडावर योग्य मास्क लावायचा, साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारून तेवढीच जागा ओली करायची आणि लहानसा तुकडा खरवडून पिशवीत बंद करायचा. एकाच जागचा तुकडा पुरत नाही. बादलीत कालवलेलं मिश्रण सगळीकडे सारखं नसतं, आणि एखाद्या खोलीचं छत नंतर कधीतरी पुन्हा फवारलेलंही असतं. शाळांसाठीच्या अमेरिकी नियमांत हजार चौरस फुटांपर्यंत तीन नमुने, पाच हजारांपर्यंत पाच आणि त्यापुढे सात, असा हिशेब आहे. घरासाठीही तोच धरून चालावं.

प्रयोगशाळेत हा चुरा एका ठरावीक तेलात ठेवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तेलाची निवड बरोबर असेल तर क्रिसोटाइलचे तंतू निळे-जांभळे चमकतात आणि कागदाचा किंवा काचेचा तंतू तसा चमकत नाही. एक टक्क्याहून जास्त अ‍ॅस्बेस्टॉस निघालं, तर कायद्याच्या भाषेत ते छत अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त ठरतं. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि छतावर रंगाचे थर असतील, तर शिशाचीही तपासणी करून घ्यावी, कारण घरगुती रंगातलं शिसं अमेरिकेत त्याच वर्षी बंद झालं. दुरुस्तीच्या एकूण खर्चात या तपासण्या किरकोळ असतात. आणि तपासणारा माणूस आणि छत उतरवणारा ठेकेदार वेगवेगळे असावेत, हा माझा आग्रह आहे. ज्याला काम मिळणार आहे त्याच्याकडेच निदान सोपवू नये.

अहवालात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं म्हणजे छत लगेच काढलंच पाहिजे, असं मात्र नाही. घट्ट चिकटून असलेलं, न गळणारं, कुणाचा हात न लागणारं छत हवेत फारसं काही सोडत नाही. ते तसंच राहू देणं हा खरा पर्याय आहे. त्यात खिळे ठोकायचे नाहीत, पंखा अडकवायचा नाही, केरसुणीने जळमटं काढायची नाहीत, एवढं पाळावं लागतं. दुसरा मार्ग झाकण्याचा. जुन्या छताखाली नवे पातळ जिप्सम बोर्ड बसवले की लाह्या दिसेनाशा होतात आणि तंतू आतच राहतात. हे बोर्ड बसवतानाही स्क्रू जुन्या लेपातून आरपार जातात, तेव्हा हे काम माहितगारानेच करावं. घर विकताना, पुढे कधी छत फोडताना, नव्या माणसाला आत काय आहे ते सांगावं लागतं. ते लिहून ठेवावं. छतावर आधीच तेलरंगाचे दोन-तीन हात असतील, तर मला झाकणं काढण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं, कारण रंगलेल्या लाह्यांत पाणी मुरत नाही आणि पाण्याशिवाय हे काम करूच नये.

पाण्याचं महत्त्व आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. मातीचं अंगण झाडायच्या आधी त्या त्यावर पाणी शिंपडत, म्हणजे धूळ उडत नसे. छताचं तत्त्व तेच आहे. फक्त साधं पाणी लाह्यांवर थेंब धरून बसतं, आत शिरत नाही. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ते कणाकणांत झिरपतं. द्राक्षबागेत औषध मारायला पाठीवर घेतात तशाच जातीचा, पण हातात धरायचा छोटा पंप त्यासाठी वापरतात. धार मारायची नाही, धुकं सोडायचं. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पट्टी लावून बघायची, मधला भाग कोरडा वाटला तर पुन्हा फवारायचं. पोहे भिजवण्यासारखं हे आहे. कमी भिजले तर कडक, जास्त भिजले तर लगदा. छत जास्त भिजलं तर जिप्सम बोर्डाचा कागद सुटतो, बोर्ड फुगतो, कधी खाली लोंबतो. नीट भिजलेला लेप पट्टीबरोबर ओल्या पट्ट्यांनी खाली येतो आणि धूळ जवळजवळ उडत नाही. पट्टीचे कोपरे आधी घासून गोल केले, की खालच्या कागदावर ओरखडे पडत नाहीत.

फवारण्याआधीची तयारीच खरं तर जास्त वेळ खाते. खोली रिकामी करायची. सोफा झाकून चालत नाही, तो बाहेरच काढावा. वीज मुख्य पेटीतून बंद करायची, कारण पाणी दिव्याच्या खोक्यात शिरतं. हवा फिरवणाऱ्या यंत्रणेची तोंडं प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करायची. एक झरोका उघडा राहिला तर खोलीतली धूळ दहा मिनिटांत घरभर होते. जमिनीवर जाड प्लास्टिकचे दोन थर आणि भिंतींवर एक थर, आणि जमिनीचं प्लास्टिक भिंतीवर चढवून चिकटवायचं, म्हणजे ताटासारखी कड तयार होते. अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर व्यावसायिक लोक खोलीत एक यंत्र लावतात. ते बारीक गाळणीतून हवा बाहेर खेचत राहतं, त्यामुळे फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ही धूळ कधीही ओढू नये. तो एका बाजूने गिळतो आणि दुसऱ्या बाजूने बारीक तंतू खोलीत पुन्हा सोडतो.

मास्कबद्दल करोनानंतर आपल्या सगळ्यांचा एक समज झालाय, की एन-९५ म्हणजे सर्वांत भारी. या कामाला तो चालत नाही. रबरी कडा असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा आणि पी-१०० गाळण्या लावलेला मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. अंगावर टोपीसह एकदाच वापरायचे कपडे घालायचे. काम संपल्यावर ते ओले करून, आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत उतरवायचे आणि मलब्याच्याच पिशवीत टाकायचे. मास्क सगळ्यांत शेवटी काढायचा. मग आंघोळ. न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी शोधलेल्या बायकांच्या वाट्याला जे आलं, ते टाळण्यासाठी हा क्रम आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस नसलेल्या छतालाही हीच ओली पद्धत वापरावी. जिप्समची आणि रेतीची धूळही फुप्फुसाची मित्र नाही. फक्त कपडे, यंत्रं आणि विल्हेवाट यांची कडक शिस्त थोडी सैल करता येते. अहवाल ‘आहे’ असा आला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. परवानाधारक माणसाला बोलवा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत स्वतंत्र घराच्या मालकाला स्वतःच्या घरात हे काम स्वतः करण्याची मुभा आहे, आणि पैसे वाचतात म्हणून अनेक जण ते करतात. कायद्याने मुभा दिली म्हणून धूळ सौम्य होत नाही. भाडेकरूने तर छताला हातच लावू नये, मालकाला लेखी कळवावं.

आता मलबा. छत खाली आलं की माणूस थकलेला असतो आणि चुका इथे होतात. लगदा वाळायच्या आत भरायचा, कारण वाळला की तो पुन्हा धूळ होतो. सहा मिल, म्हणजे सुमारे दीड दशांश मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पिशवीत तो अर्ध्यापेक्षा थोडाच जास्त भरायचा. ओला चुरा जड असतो आणि भरगच्च पिशवी जिन्यात फाटते. पिशवीतली हवा दाबून बाहेर काढायची नाही, त्या फुंकरीबरोबर तंतू येतात. तोंड पिळायचं, दुमडायचं, चिकटपट्टीने आवळायचं. पिशवी बाहेरून ओल्या फडक्याने पुसायची आणि दुसऱ्या पिशवीत तशीच बंद करायची. वर धोक्याची सूचना असलेली चिठ्ठी लावायची. जमिनीवरचं प्लास्टिक, फडकी, मास्कच्या गाळण्या हे सगळं त्याच मलब्यात जातं. बादलीतलं गढूळ पाणी मोरीत किंवा संडासात ओतू नये. त्यातलं जिप्सम नळात थर धरून बसतं, तंतूंची गोष्ट तर वेगळीच.

या पिशव्या घराच्या रोजच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. कचरागाडी त्यांना दाबून फोडते, आणि ती फुटते तेव्हा गाडीमागे एक माणूस उभा असतो. अ‍ॅस्बेस्टॉस घेणारी कचराभूमी ठरलेली असते. तिथे आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, पिशव्या मोजून द्याव्या लागतात आणि व्यावसायिक कामात मलबा कुठून निघाला, कुणी नेला, कुठे पोहोचला याची नोंद घरमालकापर्यंत परत यावी लागते. ती मागून घ्या. तिथे पिशव्या फेकत नाहीत, चरात ठेवतात आणि अमेरिकी नियमानुसार चोवीस तासांच्या आत किमान सहा इंच मातीने झाकतात. तो दगड जमिनीतून आला आणि जमिनीतच परत गेला, की त्रास देत नाही.

आपल्याकडे लाह्यांची छतं जवळजवळ नाहीत. आपल्याकडचं अ‍ॅस्बेस्टॉस छताखाली नाही, ते स्वतःच छप्पर आहे. चाळींच्या पडव्या, गोठे, गिरण्यांची शेडं, शाळांचे व्हरांडे यांवरचे करड्या रंगाचे नागमोडी सिमेंटचे पत्रे म्हणजे सिमेंटमध्ये बांधलेला क्रिसोटाइलच. भारतात त्याचं खाणकाम थांबलंय, पण आयात चालू आहे आणि आपण जगातल्या मोठ्या खरेदीदारांपैकी आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल सविस्तर आदेश दिले. २००६ मध्ये क्लेमांसो ही फ्रेंच युद्धनौका तोडण्यासाठी अलंगकडे निघाली होती, तेव्हा तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून इतका गदारोळ झाला की फ्रान्सने ती परत बोलावली. एका नौकेबद्दल जागा झालेला आपला विवेक पत्र्यांच्या बाबतीत मात्र अजून झोपलेलाच आहे. जुनी पडवी पाडायची असली की आपण घण आणतो. पत्रा वरूनच खाली टाकतो, तुकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतो आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत भराव म्हणून ओततो. त्यावरून वर्षभर चाकं फिरतात. पत्रा कापायला ग्राइंडर लावणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधतो, आणि रुमालातून हे तंतू सहज जातात.

शाबूत पत्र्याला घाबरायचं कारण नाही, पण तो उतरवायची वेळ आली तर एवढं करा. आदल्या रात्री आणि कामाच्या सकाळी तो पाण्याने चिंब करा. त्यावर चढू नका, तो पायाखाली मोडतो. खिळे आणि हूक कापून अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली उतरवा. फोडू नका, कापू नका, भरावात टाकू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. घातक कचरा घेणारी केंद्रं तळोजा आणि रांजणगाव इथे आहेत. आणि पत्रा उतरवायला आलेल्या मजुराला मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, त्याने मागायची वाट पाहू नका.